जुन्या सदनिकेची वायरिंग नव्याने करताना: कोणत्या खोलीत कोणते दिवे बसवावेत?

ओसरी

नाशिकमध्ये आम्ही दोन बेडरूमची जुनी सदनिका घेतली आहे. इमारत तीस वर्षांपूर्वीची असल्यामुळे संपूर्ण वायरिंग नव्याने करावी लागणार आहे आणि भिंती सध्या उघड्या आहेत. छताची उंची साडेनऊ फूट आहे. बैठकीची खोली १२ बाय १५ फूट, दोन्ही बेडरूम साधारण १० बाय ११ फूट, आणि स्वयंपाकघर लांबट आहे. घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दहावीत जाणारा मुलगा आहे.

अंतर्गत सजावटकाराने दिलेल्या आराखड्यात बैठकीच्या खोलीला पूर्ण फॉल्स सीलिंग, त्यात १२ वॅटचे १६ डाउनलाइट (छतात बसवलेले, खाली प्रकाश टाकणारे दिवे) आणि कडेने लपवलेली एलईडी पट्टी आहे. आमच्या वायरमनचे मत याच्या नेमके उलट आहे. त्याच्या मते प्रत्येक खोलीत दोन ट्यूब समोरासमोर लावल्या की काम झाले, बाकी सगळा खर्च दिखाऊ आहे. दिव्यांच्या दुकानात गेलो तर तिथे चारशे प्रकारचे दिवे एकाच वेळी पेटलेले असतात आणि त्या लखलखाटात कोणता दिवा घरी कसा दिसेल याचा काहीच अंदाज येत नाही. भिंती बंद करण्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे. जाणकारांनी कृपया खोलीनिहाय सांगावे.

मंदवात

दुकानात जाण्याचे आधी थांबवावे. दिव्याची निवड हा या कामातला शेवटचा टप्पा आहे. प्रकाश कुठून यावा, कुठे पडावा आणि कोणत्या बटणावर चालावा हे आधी ठरते, आणि भिंती उघड्या असतानाच ठरू शकते. दिवा काय, पुढच्या दिवाळीतही बदलता येतो. भिंतीतली वायरची नळी बदलता येत नाही.

आता आकडे पाहू. वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज. तो देतो तो प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात आणि एखाद्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते लक्समध्ये. चांगला एलईडी दिवा एका वॅटमागे साधारण ९० ते १०० ल्युमेन देतो. तुमची बैठकीची खोली १८० चौरस फुटांची, म्हणजे जवळपास १६.७ चौरस मीटर आहे. सोळा डाउनलाइट गुणिले १२ वॅट म्हणजे १९२ वॅट, म्हणजेच सुमारे १७,००० ल्युमेन. भिंती फिक्या रंगाच्या धरल्या तरी त्यातला अर्धा प्रकाश बसण्याच्या उंचीपर्यंत पोचतो असे मानून हिशेब केला, तर खोलीत सरासरी ५०० लक्स पडतात. एवढा प्रकाश कार्यालयातल्या टेबलावर अपेक्षित असतो. गप्पा मारायला, दूरदर्शन पाहायला आणि पाहुण्यांना चहा द्यायला १२० ते १५० लक्स पुरतात, आणि त्यासाठी एकूण चार ते पाच हजार ल्युमेन पुरेसे आहेत. वायरमनच्या दोन ट्यूब, म्हणजे २० वॅटच्या दोन एलईडी बॅटन, बरोबर तेवढेच देतात. त्यामुळे प्रमाणाच्या बाबतीत वायरमनचेच म्हणणे खरे आहे.

भारतीय मानकांच्या शिफारशीही याच आसपास आहेत: जिन्यासाठी साधारण १००, स्वयंपाकघरासाठी २०० आणि अभ्यासाच्या जागेसाठी ३०० लक्स. संपूर्ण खोली ३०० लक्सची करण्यापेक्षा खोली १०० ची ठेवून मुलाच्या टेबलावर वेगळा दिवा द्यावा, हे विजेच्या आणि डोळ्यांच्या दोन्ही दृष्टींनी बरे.

रेखाटन

मी याच व्यवसायात असल्यामुळे सजावटकारांची बाजू थोडी मांडतो. सोळा दिवे जास्त आहेत हे मान्य आहे. परंतु जुन्या इमारतीत स्लॅबमध्ये नळ्या जिथे आहेत तिथेच असतात, आणि बहुतेक वेळा खोलीच्या मध्यावर पंख्याचा एक हूक आणि एखादा पॉइंट एवढेच असते. छतावर दुसऱ्या ठिकाणी वायर न्यायची असेल तर एक तर उघडी केसिंग पट्टी मारावी लागते किंवा फॉल्स सीलिंग करावे लागते. त्यामुळे तो खर्च दिखाऊ आहे, असे सरसकट म्हणता येत नाही.

माझा सल्ला असा की पूर्ण छत झाकू नये. भिंतीलगत दीड ते दोन फूट रुंदीचा पट्टाच खाली घ्यावा आणि मधला स्लॅब मूळ उंचीवर राहू द्यावा. त्या पट्ट्यातील दिवे भिंतीपासून फूट-सव्वा फुटावर ठेवले की प्रकाश भिंतीवरून उतरतो. खोली उजळ वाटते ती जमिनीवर किती प्रकाश पडला यामुळे नव्हे, तर समोरच्या भिंती उजळल्या की नाहीत यामुळे. माणसाची नजर दिवसभर भिंतींवरच असते. छताच्या मधोमध ओळीने डाउनलाइट बसवले की फरशी चमकते आणि माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. अशा खोलीत काढलेली छायाचित्रे पाहिली तर सगळे कुटुंब थकलेले दिसते.

पंखा चारवर

इतका वेळ पंख्याचा उल्लेखही कोणी कसा केला नाही? आपल्याकडे दिव्यांची जागा छताचा पंखा ठरवतो. परदेशी मासिकांतली किंवा इंटरनेटवरची चित्रे पाहून केलेले आराखडे इथेच फसतात, कारण त्या चित्रांत पंखा नसतोच.

नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे चार फूट व्यासाचा असतो, आणि त्याची पाती छतापासून साधारण फूटभर खाली असतात. पूर्ण वेगात तो मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. पाती तीन असल्यामुळे एखादा डाउनलाइट पात्यांच्या वर आला, तर त्याचा प्रकाश सेकंदाला सतरा-अठरा वेळा तुटतो. पंखा मंद असेल तर सात-आठ वेळा. ही लुकलुक कागदावर, ताटात आणि पुस्तकावर दिसते, आणि काही जणांचे त्याने अक्षरशः डोके दुखते. दिवा बदलून हा दोष जात नाही, कारण दिव्यात काही बिघाड नसतोच.

तुमच्या १० फूट रुंद बेडरूमचे उदाहरण घेऊ. पंखा मध्यावर धरला तर पात्याच्या टोकापासून भिंत तीन फुटांवर येते. दिवा पात्याच्या टोकापासून अर्ध्या फुटावर बसवला, तर ६० अंशांचा झोतही पात्यावर आदळतो. तोच दिवा भिंतीपासून फूटभर अंतरावर, म्हणजे पात्यापासून दोन फूट दूर नेला, तर ६० अंशांचा झोत पात्यांना न शिवता खाली उतरतो. मात्र चपटे पॅनेल लाइट १२० अंशांत प्रकाश फेकतात, त्यामुळे ते काठावर बसवले तरी थोडी सावली फिरतेच. म्हणून रेखाटन यांचा भिंतीलगतचा पट्टा मला पटतो; पण त्यात अरुंद झोताचे, खोल बसणारे दिवे असावेत. दुकानदाराला वॅट विचारण्याआधी झोताचा कोन विचारावा.

याहून सोपा मार्ग म्हणजे दिवा पात्यांच्या खाली आणणे. भिंतीवर साडेसात फुटांवर लावलेली बॅटन पंख्याशी कधीच भांडत नाही. आपल्या आधीच्या पिढीतल्या वायरमननी ट्यूब भिंतीवर लावली ती काही छतावर जागा नव्हती म्हणून नव्हे.

रेखाटन

पंख्याचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त एक भर घालतो. लपवलेल्या पट्टीचा प्रकाश छतावर पसरून मग खाली येतो, त्यामुळे तोही पात्यांमधूनच जातो. परंतु सगळे छतच प्रकाशाचा स्रोत झालेले असल्यामुळे सावली इतकी विरळ होते की जाणवत नाही. अट एवढीच की छत पांढरे आणि झळाळी नसलेले असावे. चकचकीत रंगाच्या किंवा पीव्हीसीच्या छतात पट्टीचा एकेक ठिपका आरशातल्यासारखा दिसतो.

माजघर

स्वयंपाकघराबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण घरातील सर्वांत धारदार आणि सर्वांत तापलेल्या वस्तू जिथे असतात त्या खोलीला दिव्यांच्या यादीत नेहमी एक ट्यूब मिळते. ती ट्यूब ओट्याच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे काम करणाऱ्याच्या पाठीमागे असते. परिणामी विळी किंवा सुरी, कढई आणि निवडायची मेथी हे सगळे काम करणाऱ्याच्याच सावलीत येते. तिथे वॅट वाढवले तर सावली आणखी गडद होते.

ओट्याच्या वर भिंतीतली कपाटे असतील तर त्यांच्या तळाला, पुढच्या कडेलगत, एलईडी पट्टी बसवावी. ती नुसती चिकटवू नये. ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे पन्हळीत, दुधी झाकणासह बसवावी. ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेते, आणि झाकण असले की आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसता येते. फोडणीची वाफ, तेल आणि धूळ यांचा जो चिकट थर बसतो तो उघड्या पट्टीवरून कधीही निघत नाही. पट्टीचा ड्रायव्हर (तिला हवी तशी वीज पुरवणारी डबी) शेगडीच्या वर ठेवू नये, बाजूच्या कपाटात ठेवावा. चिमणीतल्या दिव्यावर विसंबू नये. तो कढईपुरता असतो. सिंकवर वेगळा दिवा द्यावा, कारण पालेभाजीतली अळी तिथेच दिसायला हवी.

प्रकाशाच्या रंगाची छटा केल्विनमध्ये सांगतात: आकडा लहान तितका प्रकाश पिवळसर, मोठा तितका निळसर पांढरा. स्वयंपाकघरात मी ४००० केल्विन घेईन. शिवाय वस्तूंचे रंग दिव्याखाली किती खरे दिसतात याचा एक निर्देशांक असतो, त्याला सीआरआय म्हणतात. बाजारातील साध्या दिव्यांचा तो ८० असतो. ओट्यावर ९० चा आग्रह धरावा. कांदा गुलाबीवरून सोनेरीवर कधी गेला, भाजणी खमंग झाली की करपायला लागली, हे ज्यांना नाकाबरोबर डोळ्यांनीही ठरवायचे असते त्यांना यातला फरक पहिल्याच दिवशी कळतो.

जोडतार

माजघर यांच्या शेवटच्या मुद्द्यामागचे कारण असे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. (हा निळा एलईडी बनवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) स्वस्त दिव्यात लेप काटकसरीचा असतो, त्यामुळे तांबड्या रंगाचा भाग कमी पडतो आणि टोमॅटो, डाळिंब, माणसाची त्वचा हे सगळे निस्तेज दिसते. खोक्यावर सीआरआय छापलेला नसेल तर तो सांगण्याजोगा नाही, असे समजावे.

ओसरी

सर्वांचे आभार. पूर्ण फॉल्स सीलिंगचा विचार आम्ही सोडला आहे. दोन प्रश्न उरले आहेत. वडिलांना संध्याकाळनंतर वाचताना त्रास होतो, त्यामुळे त्यांना "पांढराशुभ्र" प्रकाशच हवा आहे. पत्नीला मात्र पिवळसर हवा आहे. एकाच घरात दोन्ही चालतील का? दुसरे म्हणजे आई रात्री दोन-तीनदा उठते आणि दिवा लावला की बाकीचे जागे होतात म्हणून अंधारातच जाते. यावर काय करावे?

नेत्रपल्लवी

नेत्ररुग्णांसोबत काम करण्याचा अनुभव असल्यामुळे वडिलांच्या मागणीमागील कारण सांगते. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. वडिलांना जास्त पांढरा नव्हे, जास्त प्रकाश हवा आहे. बाजारात ६५०० केल्विनचे दिवे प्रखर भासतात म्हणून ते त्याला पांढरा म्हणत असावेत. त्यांच्या खुर्चीच्या मागे, खांद्याच्या वर, पानावर थेट पडणारा ८०० ल्युमेनचा वाचनदिवा ४००० केल्विनमध्ये लावून पाहावा. हा दिवा डोळ्यांपासून लपलेला आणि पानाच्या जवळ असणे महत्त्वाचे आहे.

यात एक अडचण लक्षात ठेवावी. उतारवयात प्रकाश जास्त लागतो, पण डोळे दिपण्याचा त्रासही त्याच वयात वाढतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर भिंगात प्रकाश विखुरतो, आणि उघडा बल्ब समोर असला की त्याच्या आसपासचे काहीच दिसत नाही. म्हणून आई-वडिलांच्या खोलीत पलंगावर पडल्यावर नजरेस येईल असा एकही उघडा दिवा किंवा डाउनलाइट नसावा. दिवा वाढवायचा, पण तो दिसू द्यायचा नाही, असे धोरण ठेवावे.

आईंसाठी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर एक-दोन वॅटचे पायदिवे द्यावेत. ते तांबूस पिवळे, २७०० केल्विनच्या खालचेच असावेत, कारण रात्री निळसर प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक दबते आणि पुन्हा झोप लागायला वेळ लागतो. हालचाल टिपणारा सेन्सर लावला तर बटण शोधावे लागत नाही. मात्र सेन्सर पलंगाच्या उंचीच्या खाली असावा आणि पलंगाकडे रोखलेला नसावा. नाहीतर कूस बदलली तरी दिवा लागतो. न्हाणीघरातही रात्रीसाठी असाच एक मंद दिवा वेगळ्या बटणावर असावा. अंधाऱ्या वाटेने येऊन अचानक १५ वॅटच्या पांढऱ्या दिव्याखाली उभे राहिले की वृद्ध डोळ्यांना सावरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ओल्या फरशीवर पाय पडलेला असतो.

मंदवात

पिवळा की पांढरा या वादात एवढेच पाळावे की एका नजरेत दोन रंग येऊ नयेत. बैठकीची खोली ३००० केल्विनची आणि तिला जोडलेले उघडे स्वयंपाकघर ६५०० चे असेल, तर दोन्ही चुकीचे वाटतात. बैठक आणि बेडरूम ३०००, स्वयंपाकघर आणि अभ्यास ४०००, आणि ६५०० कुठेच नाही, अशी माझी विभागणी आहे. ज्यांचे बालपण ट्यूबखाली गेले त्यांना सुरुवातीचा आठवडाभर घर अंधारलेले वाटते, हे मान्य करूनच हे लिहीत आहे.

पायदिव्यांवरून आठवले. पूर्वीचा "झिरोचा बल्ब" प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट खात असे. जुन्या मीटरवर एवढा थोडा भार नोंदलाच जात नसे म्हणून तो झिरो ठरला. आज तेवढ्या विजेत बेडरूमचा मुख्य दिवा चालतो.

चिरेबंदी

हा धागा सदनिकेबद्दल असला तरी गावाकडच्या घरांसाठी दोन गोष्टी नोंदवतो, कारण अनेक जण कोकणातील जुनी घरे सध्या दुरुस्त करत आहेत. मंगळुरी कौलांच्या घरात सपाट छतच नसते. वाशांपर्यंत गेलेला प्रकाश परत येत नाही, आणि जांभ्याच्या उघड्या चिऱ्यांच्या भिंती उरलेला बराचसा पिऊन टाकतात. वर दिलेला "अर्धा प्रकाश खाली पोचतो" हा हिशेब इथे लागू पडत नाही. अशा घरात दिवे खाली, तुळईपासून सोडलेले किंवा भिंतीवर, आणि संख्येने जास्त असावेत. वरच्या अंधाराशी झगडू नये. तो अंधार त्या घराचाच भाग आहे आणि उन्हाळ्यात बराही वाटतो.

पावसाळ्यात पडवीतल्या दिव्यावर किडे जमतात. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे ते अधिक ओढले जातात, म्हणून पडवी, खळे आणि जेवणाच्या जागेजवळच्या खिडक्या इथे तांबूस पिवळे दिवे ठेवावेत. बाहेरच्या दिव्याला आयपी ६५ असा दर्जा असावा; यातला पहिला अंक धूळ आत जात नाही आणि दुसरा पाण्याची धार सहन होते असे सांगतो. झाकण बंद नसेल तर महिनाभरात आत किड्यांचा थर साचतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिथे तालुक्याच्या गावाशिवाय दुकान नाही, तिथे बल्ब बदलता येणाराच दिवा घ्यावा. एलईडी आतच कायमचा जोडलेले देखणे दिवे एका विजेच्या लोळात गेले, की सबंध दिवाच बदलावा लागतो आणि दोन वर्षांनी तो नमुना बाजारात नसतो. साधा पितळी होल्डर आणि त्यात खाच-पिनेचा नऊ वॅटचा बल्ब असेल, तर तो किराणा दुकानातही मिळतो. २०१५ मध्ये स्वस्त एलईडी बल्ब देणारी सरकारी उजाला योजना सुरू झाल्यापासून हा बल्ब खेड्यापाड्यांत पोचला आहे.

ऱ्हाईनकाठ

चिरेबंदी यांच्या मुद्द्याला जोडून परदेशस्थांसाठी एक सूचना. भारतातून कंदिलासारखे पितळी किंवा काचेचे दिवे इकडे आणणाऱ्यांनी होल्डर पाहून घ्यावा. आपल्याकडे खाच-पिनेचा बी२२ चालतो, तर जर्मनीत आट्यांचा ई२७. होल्डर बदलून मिळतो, पण आणण्यापूर्वी बदललेला बरा. इथे भाड्याचे घर बहुधा दिव्यांशिवाय मिळते. छतातून नुसत्या तारा लोंबत असतात आणि पहिली रात्र टेबललॅम्पवर काढावी लागते. त्यामुळे इथले मराठी लोक दिव्यांबाबत नाइलाजाने तज्ज्ञ झाले आहेत. जेवणाच्या टेबलावर सोडलेला दिवा टेबलापासून ६० ते ७० सेंटिमीटर वर ठेवण्याची इथली पद्धत मला आवडली, कारण ताट उजळते आणि समोरच्या माणसाचा चेहराही झाकला जात नाही. अर्थात छताचा पंखा नाही म्हणून हे शक्य होते. नाशिकमध्ये वाऱ्याने दिवा हलत राहील.

जोडतार

वीजजोडणीचे मुद्दे एकत्र देतो, कारण वायरमनशी बोलताना हेच उपयोगी पडतील.

प्रत्येक खोलीतले दिवे किमान दोन बटणांवर विभागावेत. बैठकीच्या खोलीत भिंतीवरच्या बॅटन एका बटणावर, कडेचे डाउनलाइट दुसऱ्या आणि लपवलेली पट्टी तिसऱ्या बटणावर असावी. सगळे एकाच बटणावर घेतले की घरात दोनच अवस्था उरतात, मंगल कार्यालय किंवा अंधार. बेडरूममध्ये दाराशी आणि पलंगाशी अशी टू-वे जोडणी (एकच दिवा दोन्ही ठिकाणांहून चालू-बंद होणारी) घ्यावी; आता ती फक्त एका जादा तारेचा प्रश्न आहे.

बटणांच्या प्रत्येक बोर्डापर्यंत न्यूट्रल (वीज परत नेणारी) तार न्यावी. जुन्या पद्धतीत ती बोर्डात नसे. पुढे सेन्सर किंवा फोनवर चालणारे स्विच बसवायचे झाले तर त्यातील बहुतेकांना ती लागते.

लपवलेल्या पट्टीसाठी १२ व्होल्टऐवजी २४ व्होल्टची पट्टी घ्यावी. मीटरला १० वॅटची पाच मीटर पट्टी १२ व्होल्टवर चार अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते आणि टोकाला प्रकाश मंदावलेला दिसतो. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा होतो. १५ फुटांच्या भिंतीला हा फरक डोळ्यांनी दिसतो. ड्रायव्हर मात्र फॉल्स सीलिंगच्या आत गाडून टाकू नये. पट्टीच्या आधी ड्रायव्हर जातो. तिथे हात घालता येईल असे झाकण ठेवले नाही, तर पुढे पीओपी फोडावे लागते.

खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, तसेच खोक्यावर ल्युमेन, केल्विन आणि सर्ज संरक्षणाचा (विजेच्या अचानक उसळीपासून बचावाचा) आकडा छापलेला आहे का ते पाहावे. दुकानातच दिवा लावून मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर हलका आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतो. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर असा दिवा अजिबात नको.

पंख्याचा रेग्युलेटर लावून एलईडी मंद करण्याचा प्रयत्न कोणी सुचवला तर नम्रपणे नकार द्यावा. मंद होणारा दिवा हवा असेल तर दिवा आणि डिमर दोन्ही एकमेकांना चालणारे घ्यावे लागतात.

माजघर

न्हाणीघरातल्या आरशाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आरशाच्या वर एकच दिवा लावला की हनुवटीखाली सावली येते. दाढी करणाऱ्यांनाही ते अडचणीचे. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, दोन लहान उभे दिवे लावावेत. शॉवरच्या आसपास निदान आयपी ४४ दर्जा पाहावा.

देवघराला मात्र जास्त काही करू नये. समईच्या ज्योतीचा प्रकाश १९०० केल्विनच्या आसपास असतो. मखराच्या मागे ४००० केल्विनची पट्टी लावली तर समई लावली आहे की नाही हेच कळत नाही. २७०० ची, मीटरला चार-पाच वॅटची पट्टी पुढच्या चौकटीच्या आतल्या बाजूने लावावी, म्हणजे मूर्तीच्या चेहऱ्यावर समोरून प्रकाश येतो आणि मूर्ती काळ्या आकृतीसारखी दिसत नाही. देवघर लाकडी असल्यास ड्रायव्हर त्याच्या बंद खणात ठेवू नये.

ओसरी

काल वायरमन आणि सजावटकार यांना एकत्र बसवले. बैठकीत भिंतीवर दोन बॅटन, खिडकीसमोरच्या एका भिंतीलगत दीड फुटांचा पट्टा आणि त्यात सात वॅटचे चार अरुंद झोताचे दिवे, असे ठरले. आई-वडिलांच्या खोलीत छतावर एकही दिवा नाही. वायरमन खूश आहे. सजावटकार थोडे नाराज आहेत, पण लपवलेली पट्टी त्यांच्यासाठी ठेवली आहे.

एक शंका उरली. सध्याच्या भाड्याच्या घरात एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर अगदी मंद पेटलेला राहतो. नव्या घरात हे होऊ नये म्हणून काय सांगावे?

जोडतार

याची नेहमीची कारणे दोन. बटणात तांबडा निर्देशक दिवा असेल तर त्याच्यामधून जाणारा सूक्ष्म प्रवाह एलईडीला पुरतो. अशा वेळी साधे, निर्देशक नसलेले बटण घ्यावे. दुसरे कारण म्हणजे बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर जोडलेले असणे. हे धोक्याचेही आहे, कारण बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज जिवंत राहते आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. सध्याच्या घरातही हे आजच टेस्टरने तपासून घ्यावे. नव्या घरात काम संपल्यावर प्रत्येक बटण बंद ठेवून होल्डरवर तपासणी करून दाखवण्यास वायरमनला सांगावे, आणि भिंती बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजपट्टी धरून, छायाचित्र काढून ठेवावे. पुढे कपाटासाठी किंवा चित्रासाठी भोक पाडताना नळी कुठून गेली आहे ते त्यावरून कळते.